सांगोल्याची मोट: एका आमदारकीच्या हस्तांतराचे प्रकरण

प्रकरणाचा विषय

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला विधानसभा मतदारसंघातून गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले आणि प्रत्येक वेळी ते शेतकरी कामगार पक्षाचेच उमेदवार होते. २०१९ मध्ये वयाची नव्वदी ओलांडल्यावर ते निवडणुकीच्या रिंगणातून बाजूला झाले. त्यानंतर पक्षाने उमेदवार कसा ठरवला, ती जागा ७६८ मतांनी कशी गेली आणि पाच वर्षांनी ती कशी परत आली, हे या अभ्यासात मांडले आहे. ज्यांनी प्रत्यक्ष निवडणूक लढवली त्यांची नावे सार्वजनिक नोंदीत असल्यामुळे येथे दिली आहेत. कार्यकर्ते, मध्यस्थी करणारे आणि ज्यांचे नाव पुढे येऊन मागे पडले ते इच्छुक मात्र अनामिक ठेवले आहेत, कारण त्यांच्याविषयी निवाडा करणे हा या लेखनाचा हेतू नाही.

या प्रकरणाकडे सहसा ‘आजोबांची पुण्याई नातवाला पुरली नाही’ अशा दृष्टीने पाहिले जाते. मतांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की हे वाचन टिकत नाही, आणि तेच दाखवण्यासाठी हे प्रकरण सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले.

पार्श्वभूमी

सांगोला हा माणदेशाचा भाग. माण नदी तालुक्यातून जाते, पण वर्षातील बराच काळ तिच्या पात्रात वाळूच दिसते. पर्जन्यछायेचा प्रदेश, हलकी माळजमीन, खिल्लार जनावरे, पुढे ठिबकवर उभ्या राहिलेल्या डाळिंबाच्या बागा आणि दर काही वर्षांनी येणारा दुष्काळ, एवढ्यात तालुक्याचे अर्थकारण सांगून होते. अशा ठिकाणी आमदाराकडून लोकांची अपेक्षा ठरलेली असते. पाणी आणा, दुष्काळात कामे काढा, जनावरांच्या चाऱ्याची सोय करा, आणि तहसीलमध्ये अडलेला कागद हलवून द्या.

पेनूर (ता. मोहोळ) येथे जन्मलेले गणपतराव कायद्याचे शिक्षण घेऊन सांगोल्यात वकिली करू लागले आणि १९६२ मध्ये पहिल्यांदा विधानसभेत गेले. शेतकरी कामगार पक्ष १९४७ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या शेतकरी नेत्यांनी काढला होता. एकेकाळी महाराष्ट्रातील प्रमुख विरोधी पक्षांमध्ये त्याची गणना होत असे, पण पुढे तो रायगड, सोलापूर, मराठवाडा येथील काही पट्ट्यांपुरता उरला. राज्यभर लाल बावटा उतरत असताना सांगोल्यात तो टिकला. गणपतराव १९६७ मध्ये पुन्हा निवडून आले, १९७२ मध्ये हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले आणि १९७८, १९८०, १९८५, १९९० अशा लागोपाठ निवडणुका जिंकत गेले. १९९५ मध्ये पुन्हा पराभव झाला. त्यानंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे चार विजय मिळाले. पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारमध्ये आणि १९९९ नंतरच्या लोकशाही आघाडीच्या सरकारमध्ये ते मंत्री होते. एरवी त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली.

त्यांच्या कामाचे तीन आधार होते. पहिला पाण्याचा. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत भरू लागलेल्या पाणी परिषदेत ते अग्रभागी होते. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्यावे ही मागणी त्या परिषदांमधून सातत्याने पुढे आली, आणि टेंभू योजनेच्या लाभक्षेत्रात सांगोल्याचा भाग आहे. दुसरा आधार सहकाराचा. कापसाचा पट्टा नसलेल्या या तालुक्यात त्यांनी शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली. राज्यातील अनेक सहकारी गिरण्या बंद पडत असताना ती चालू राहिली आणि तालुक्यातील मुलांना घरापासून जवळ पगाराची नोकरी मिळाली.

तिसरा आधार मोजता येत नाही, पण तोच सर्वांत भक्कम होता. तालुक्यात ‘आबासाहेब’ म्हणून ओळखले जाणारे हे आमदार एसटीने प्रवास करत. एसटीच्या गाडीत पुढच्या बाजूला आमदारांसाठी एक जागा राखीव असते. बहुतेक गाड्यांमध्ये त्या जागेवर दुसराच कोणी बसलेला दिसतो, कारण आमदार एसटीने जातच नाहीत. सांगोल्यात ती जागा खरोखर आमदारासाठी लागत असे. या साधेपणाचे कौतुक पुष्कळ झाले आहे, पण राजकारणाच्या अंगाने त्याचा अर्थ थोडा वेगळा आहे. ज्याला तहसीलदाराकडे अर्ज करायचा आहे, ज्याचा रेशनकार्डाचा घोळ आहे किंवा ज्याच्या मुलीचा दाखला अडला आहे, त्या माणसाला आमदाराला भेटण्यासाठी कोणाची चिठ्ठी लागत नव्हती. मध्ये कोणी नसल्यामुळे मतदाराचा संबंध थेट त्या व्यक्तीशी जोडला गेला. पुढे अडचण उभी राहिली तीही याच ठिकाणी.

दोन जुने पराभव

२०१९ समजण्यासाठी आधीचे दोन पराभव लक्षात घ्यावे लागतात. १९७२ ची निवडणूक मार्चमध्ये झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रावर शतकातील एक भीषण दुष्काळ आला. ज्या काळात तालुक्याला सभागृहात आवाजाची सर्वाधिक गरज होती त्या काळात गणपतराव सभागृहाबाहेर होते आणि गावोगाव लोक खडी फोडण्याच्या, बंडिंगच्या कामांवर जात होते. पोटनिवडणूक होऊन ते १९७४ मध्ये परतले.

१९९५ चा पराभव अधिक बोलका आहे. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील तेव्हा १९२ मतांनी निवडून आले. याचा सरळ हिशेब असा, की ९७ मतदारांनी निर्णय बदलला असता तर निकाल फिरला असता. एका मोठ्या वाडीतील एका भावकीचे रुसवे काढले असते तरी पुरले असते. तेव्हापासून सांगोल्याची लढत पुन्हा पुन्हा याच दोन नावांमध्ये होत राहिली.

या पराभवांतून एक गोष्ट तेव्हाच दिसायला हवी होती. गणपतरावांची स्वतःची मते फारशी हलत नव्हती, पण विरोधातील मते एका ठिकाणी गोळा झाली की निकाल काठावर येत होता. विजय मोठा दिसला तेव्हा त्यामागे समोरची फाटाफूट असे, किंवा तालुक्यातील दुसऱ्या एखाद्या बलवान गटाची साथ असे.

अडचण

२०१४ मध्ये गणपतरावांना ९४,३७४ आणि शहाजीबापू पाटील यांना ६९,१५० मते मिळाली. फरक २५,२२४ मतांचा होता. त्या वर्षी राज्यात युती आणि आघाडी दोन्ही तुटलेल्या होत्या आणि प्रमुख पक्ष एकमेकांविरुद्ध लढत होते. त्यातच तालुक्यातील राष्ट्रवादीची ताकद गणपतरावांच्या पाठीशी होती. एवढ्या मोठ्या विजयानंतर पुढच्या उमेदवाराचा प्रश्न तातडीचा वाटला नाही, तर ते स्वाभाविक म्हणावे लागेल.

तरी हा प्रश्न त्याच दिवशी सुरू झाला होता. आमदार ८८ वर्षांचे होते. पक्षाचे राज्यभरातील बळ इतके कमी झाले होते, की बाहेरून येऊन सांगोल्याची जागा राखेल असा नेता पक्षाकडे नव्हता. पाच वर्षांत जिल्हा परिषद, पंचायत समिती, बाजार समिती, सूतगिरणी या ठिकाणी दुसरी फळी काम करत होती. त्या फळीतील कोणी उद्या विधानसभेला उभा राहील, असे मात्र लोकांसमोर कधी ठामपणे मांडले गेले नाही. कार्यकर्त्यांच्या बोलण्यात ‘आबासाहेब आहेत तोवर आबासाहेबच’ हा शेवटचा शब्द असे. त्या वाक्यात निष्ठा होती आणि ती मनापासूनची होती. पण त्याच वाक्यामुळे पुढचा विचार बंद होत असे.

समोरचे पर्याय

२०१९ च्या मध्यास पाहिले तर पक्षापुढे चार वाटा होत्या.

गणपतरावांनीच पुन्हा उभे राहावे, ही कार्यकर्त्यांची इच्छा होती आणि निवडून येण्याच्या दृष्टीने ती वाट सर्वांत सुरक्षित होती. वय आणि प्रकृती पाहून त्यांनी नकार दिला. माझ्या मते हा त्यांचा निर्णय योग्य होता. ९३ व्या वर्षी पुन्हा निवडून येऊन पाच वर्षे तालुका सांभाळता येणार नाही हे ठाऊक असताना मत मागणे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हते.

दुसरी वाट पक्षात हयात घालवलेल्या एखाद्या कार्यकर्त्याला उभे करण्याची होती. तत्त्वाच्या दृष्टीने शेतकरी कामगार पक्षाला हीच सर्वांत शोभली असती. तिच्यातील अडचण अशी, की सारखी ज्येष्ठता असलेले अनेक जण होते. एकाचे नाव घेतले की बाकीच्यांची समजूत काढावी लागणार होती, आणि त्यासाठी वर्ष-दोन वर्षे हवी होती.

तिसरी वाट, पैसा, संस्था आणि संपर्क असलेल्या माणसाला संधी देण्याची होती. विधानसभेच्या निवडणुकीचा खर्च लहान पक्षाला पेलत नाही. ज्याच्या मागे शिक्षणसंस्था किंवा उद्योग आहे असा उमेदवार तो भार उचलू शकतो. मात्र वर्षानुवर्षे सतरंज्या उचललेल्या कार्यकर्त्याला ही गोष्ट पटवून देणे अवघड होते.

चौथी वाट घरातल्या माणसाची. आयुष्यभर घराणेशाहीपासून दूर राहिलेल्या नेत्याच्या घरात उमेदवारी गेली तर विरोधकांना बोलायला जागा मिळणार होती. पण भांडणाऱ्या सगळ्या गटांना मान्य होईल असे नावही तेच होते. दुसऱ्या फळीतील कोणाला कोणापुढे मान तुकवावी लागणार नव्हती, कारण ती मान आबासाहेबांपुढेच तुकवली जाणार होती.

निर्णयाचे दिवस

निवडणुकीचे वेळापत्रक येथे महत्त्वाचे आहे. अर्ज भरण्याची शेवटची तारीख ४ ऑक्टोबर २०१९, माघार घेण्याची ७ ऑक्टोबर, मतदान २१ ऑक्टोबर आणि मोजणी २४ ऑक्टोबर. जाहीर प्रचार मतदानाच्या दोन दिवस आधी थांबतो. म्हणजे लढतीचे चित्र स्पष्ट झाल्यावर हातात जेमतेम बारा दिवस होते, आणि सांगोल्याच्या वाड्यावस्त्यांचा पसारा पाहता ते फार थोडे होते.

पक्षाने आधी तिसरी वाट धरली. संस्थाचालक असलेल्या एका उद्योजकाचे नाव पुढे आले. त्यावर कार्यकर्त्यांमध्ये मोठी नाराजी उसळली. ही नाराजी त्या व्यक्तीच्या गुणदोषांविषयी होती असे मानणे अन्यायाचे ठरेल. ज्यांनी १९७२ आणि १९९५ चे पराभव पचवले होते आणि घरच्या भाकरी बांधून प्रचार केला होता, त्यांना विचारात न घेता नाव ठरले असे त्यांना वाटले. नाव मागे पडले आणि गणपतरावांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांची उमेदवारी पुढे आली. तरुण, पेशाने डॉक्टर, आणि तालुक्याच्या राजकारणात नवे.

या अदलाबदलीची किंमत केवळ गेलेल्या दिवसांपुरती नव्हती. एका नावासाठी काहींनी शब्द दिले होते, ते परत घ्यावे लागले. पुढे आलेले नाव कितीही योग्य असले तरी ते दुसऱ्या क्रमांकाचे ठरले. उमेदवाराला पहिले काही दिवस मतदारांपेक्षा आपल्याच माणसांकडे जाण्यात घालवावे लागतात तेव्हा समोरच्याला आपोआप वेळ मिळतो. एबी फॉर्म हा पक्षाची अधिकृत उमेदवारी दाखवणारा कागद असतो आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचावा लागतो. पण तो कोणाच्या हातात द्यायचा हे त्या आठवड्यात ठरवायला बसलेला पक्ष तालुक्यातील इतर गटांशी बोलणार कधी?

आणि त्याच दिवसांत तालुक्यात दुसरी, माझ्या मते अधिक निर्णायक, घडामोड झाली. राज्यपातळीवर शेतकरी कामगार पक्ष काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीसोबत होता. तालुक्यात मात्र राष्ट्रवादीचे माजी आमदार दीपक साळुंखे शिवसेनेचे उमेदवार शहाजीबापू पाटील यांच्या पाठीशी उभे राहिले. मुंबईत जुळलेली आघाडी सांगोल्यात उतरली नाही. गणपतरावांच्या शब्दाखातर, वयाच्या मानाखातर किंवा जुन्या देण्याघेण्याखातर जी साथ मिळत आली होती ती त्यांच्या व्यक्तीशी बांधलेली होती. पक्षाशी तिचा कोणताही लेखी वा जाहीर करार नव्हता, आणि नवा उमेदवार आल्यावर ती नव्याने मागावी लागेल हे पुरेसे आधी ओळखले गेले नाही.

निकाल

मोजणीत शहाजीबापू पाटील यांना ९९,४६४ आणि अनिकेत देशमुख यांना ९८,६९६ मते मिळाली. फरक ७६८. या दोघांच्या मिळून १,९८,१६० मतांमध्ये हा फरक दर हजारी चार मतांपेक्षाही कमी भरतो. ३८५ मतदार इकडचे तिकडे झाले असते तर निकाल उलटा लागला असता.

येथे थांबून २०१४ च्या आकड्याकडे पुन्हा पाहावे. आजोबांना ९४,३७४ मते होती आणि नातवाला ९८,६९६ मिळाली. म्हणजे ४,३२२ मते वाढली. पाच वर्षांत मतदार वाढतात हे धरूनही, बाजूला झालेल्या नेत्याची मते नव्या उमेदवाराकडे आली नाहीत असे कोणालाच म्हणता येणार नाही. ती आली, आणि घाईगडबडीत, बदललेल्या नावावर, बारा दिवसांच्या प्रचारात आली. सांगोल्याच्या मतदाराने आबासाहेबांचे ऋण मतपेटीत फेडले, असे मी मनापासून मानतो.

वाढ झाली ती दुसऱ्या बाजूला. शहाजीबापू पाटील यांची मते ६९,१५० वरून ९९,४६४ वर गेली, म्हणजे ३०,३१४ ने. २०१४ मध्ये वेगवेगळ्या ठिकाणी पडलेली आणि गणपतरावांकडे पाहून गप्प राहिलेली मते एका बाजूला गोळा झाली. १९९५ मध्ये जे घडले होते तेच पुन्हा घडले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक २०१९ च्या सप्टेंबरमध्ये झाली असे मला वाटत नाही. ती २०१४ ते २०१७ या शांत वर्षांत झाली. २०१४ च्या विजयानंतर लगेच, ‘ही माझी शेवटची निवडणूक’ असे गणपतरावांनी जाहीर करून दोन-तीन नावे तालुक्यात फिरवली असती, तर २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत त्या नावांची परीक्षा झाली असती. कार्यकर्त्यांना रुसायला आणि रुसवा संपवायला दोन वर्षे मिळाली असती. उलट बाजूने असे म्हणता येते, की निवृत्ती जाहीर केलेल्या आमदाराचे अधिकारी ऐकत नाहीत आणि त्याच्या पाण्याच्या मागण्या मंत्रालयात मागे पडतात. हे म्हणणे खरे आहे, आणि दुष्काळी तालुक्यात त्याची किंमत लोकांनाच मोजावी लागते. म्हणून जाहीर घोषणा टाळणे समजू शकते. पक्षाच्या आत ठराव करून ठेवणे मात्र शक्य होते.

दुसरा मुद्दा साथीदारांचा. उमेदवाराचे नाव ठरवण्याच्या बैठकीत जेवढा वेळ गेला त्याच्या निम्मा वेळ तालुक्यातील दुसऱ्या गटांबरोबर बसण्यात गेला असता, आणि त्या बैठकीला गणपतराव स्वतः नव्या उमेदवाराला घेऊन गेले असते, तर ३८५ मतांचा प्रश्न उरला नसता असे मला वाटते. वडीलधारा माणूस स्वतः दारात आला की माणदेशात ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. जो शब्द त्यांच्या नावावर होता तो हस्तांतरित करण्याचा अधिकार फक्त त्यांनाच होता.

तिसरा मुद्दा पहिल्या नावाचा. संस्थाचालक उमेदवार निवडणे चूक होते की नाही यावर आजही दोन मते असतील. मात्र बूथवर बसणाऱ्या माणसांना विचारण्याआधी नाव बाहेर जाऊ देणे ही निश्चित चूक होती. मतदार यादीच्या प्रतीवर पेनाने खुणा करत कोण आला, कोण राहिला, कोण पुण्याहून यायचा आहे हे जो कार्यकर्ता पाहतो, त्याचे मन त्या आठवड्यात दुखावलेले असेल तर दुपारी चारनंतर राहिलेल्या घरांकडे जाणारी पावले जड होतात. काठावरच्या निवडणुकीत तेवढेही पुष्कळ असते.

पुढची पाच वर्षे

३० जुलै २०२१ रोजी गणपतरावांचे निधन झाले. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली आणि शहाजीबापू पाटील एकनाथ शिंदे यांच्या गटासोबत गेले. २०२४ मध्ये शेतकरी कामगार पक्षाने गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना उभे केले. या वेळी राज्यातील आघाडीने जागा पक्षाला सोडली नाही. दीपक साळुंखे शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाकडून उभे राहिले आणि लढत तिरंगी झाली.

बाबासाहेब देशमुख यांना १,१६,२५६ मते मिळाली, शहाजीबापू पाटील यांना ९०,८७० आणि दीपक साळुंखे यांना ५०,९६२. विजय २५,३८६ मतांचा, म्हणजे २०१४ च्या फरकाच्या जवळपास. पक्षाची मते २०१९ पेक्षा साडेसतरा हजारांनी वाढली, आणि ही वाढ गणपतराव हयात नसताना झाली याची नोंद घ्यायलाच हवी. त्याचबरोबर विरोधातील दोन उमेदवारांची बेरीज १,४१,८३२ भरते, जी विजयी मतांहून २५ हजारांनी अधिक आहे. २०१९ मध्ये एकत्र आलेल्या दोन ताकदी २०२४ मध्ये वेगळ्या लढल्या.

त्या निवडणुकीत राज्यभरातून शेतकरी कामगार पक्षाचा एकच आमदार निवडून आला, तो सांगोल्याचा. जागा पक्षाकडे परत आली आहे, पण १९९५ आणि २०१९ मध्ये तालुक्याने विचारलेला प्रश्न, म्हणजे समोरचे एक झाले तर आपल्यासोबत कोण असेल, हा नव्या आमदारांपुढे पहिल्या दिवसापासून आहे. या वेळी त्याची तयारी करायला हाताशी बारा दिवसांऐवजी पाच वर्षे आहेत.